भिंतीआधी ग्रिलचा डबा बघा: कमी वासाच्या रंगाने घर कसं रंगवायचं

दिवाळी झाल्यावर डोंबिवली पूर्वेच्या एका काकूंचा फोन आला. "लेक सातव्या महिन्यात माहेरी येतेय, पहिलंच बाळंतपण. त्याआधी घर रंगवून द्या, पण वास अजिबात नको." मी विचारलं, कधी येतेय? म्हणाल्या, "दहा दिवसांनी." दोन बेडरूमचा फ्लॅट, साडेसहाशे फूट कार्पेट. चार माणसं लावली तर आठ दिवसांत काम उरकतं. पण रंग लावून संपणं आणि घर राहण्याजोगं होणं, या दोन वेगळ्या तारखा आहेत. काकूंना मी सांगितलं, लेकीला एक महिना सासरीच राहू दे नाहीतर बहिणीकडे ठेवा, किंवा रंगकाम बाळंतपणानंतर काढू. त्यांनी लेकीला नाशिकला मावशीकडे ठेवलं आणि मग आम्ही काम हातात घेतलं. ते काम कसं केलं, तेच इथे सविस्तर लिहितोय. नवीन ठेकेदारांना आणि स्वतः घर रंगवून घेणाऱ्यांना, दोघांनाही उपयोग होईल.

मी सव्वीस वर्षं रंगकामात आहे. पहिली आठ वर्षं मामाच्या हाताखाली काढली. तेव्हा भिंतीला लस्टर, दाराला ऑइल पेंट, लाकडाला पॉलिश, सगळीकडे टर्पेंटाइन नाहीतर थिनर. संध्याकाळी मामा रॉकेलने हात धुवायचा, मग साबणाने, तरी भाकरीला तो वास यायचाच. बंद खोलीत पॉलिश मारताना डोकं जड झालं की चहा मारायचा आणि परत कामाला लागायचं. हा धंद्याचाच भाग आहे असं आम्ही सगळे धरून चालायचो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचं काम १९८९ मध्येच कर्करोग होऊ शकणाऱ्या व्यवसायांच्या पहिल्या गटात टाकलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. गिऱ्हाइकाला वास आठ दिवस सोसावा लागतो. माझी पोरं वर्षातले तीनशे दिवस त्याच हवेत श्वास घेतात. म्हणून कमी वासाचा रंग मी आधी माझ्या पोरांसाठी मागतो, मग गिऱ्हाइकासाठी.

वास आणि वाफ एक नाही

दुकानात लोक डबा उघडून नाकाला लावतात आणि "याला वास नाही" म्हणून घेतात. मोजायची ती वाफ. रंग वाळताना त्यातली जी सेंद्रिय रसायनं हवेत उडून जातात त्यांना व्हीओसी म्हणतात, आणि ती लिटरला किती ग्रॅम आहेत यावर रंग कमी वाफेचा की जास्त वाफेचा हे ठरतं. काही रंगांत सुगंध मिसळलेला असतो. वास छान येतो, वाफ तेवढीच असते. उलट, पाण्याच्या, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात कालवलेल्या, एखाद्या साध्या रंगाला थोडा अमोनियाचा उग्र वास येतो, तो दुसऱ्या दिवशी जातो आणि त्यात व्हीओसी अगदी थोडे असतात.

म्हणून डीलरकडे त्या रंगाचं तांत्रिक माहितीपत्रक मागा. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर ते मिळतं. त्यात व्हीओसीचा आकडा शोधा. तुलनेसाठी एक माप लक्षात ठेवा: युरोपात घरातल्या भिंतींच्या मॅट, पाण्याच्या रंगाला २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे. त्याच्या आत असेल तर मी तो चांगला धरतो. ५ ग्रॅमच्या आत असेल तर कंपन्या त्याला शून्य व्हीओसी म्हणतात. आपल्याकडे सीआयआयचं (भारतीय उद्योग महासंघाचं) ग्रीनप्रो हे प्रमाणपत्र काही रंगांना मिळालेलं असतं, तेही बघा. "इको" आणि हिरवं पान एवढंच डब्यावर छापलेलं असेल तर त्याचा काही अर्थ नाही.

आता हिशेब. काकूंच्या घरात भिंती आणि छत मिळून साधारण २,२०० चौरस फूट भरलं. दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, १८ लिटर रंग. ३० ग्रॅमवाला घेतला तरी सगळ्या भिंतींमधून ५४० ग्रॅम वाफ निघणार. दारं, चौकटी आणि ग्रिलला मात्र ५ लिटर ऑइल पेंट लागला असता. ऑइल पेंटमध्ये लिटरला ४०० ग्रॅम सहज असतात, म्हणजे दोन किलो. वर एक लिटर टर्पेंटाइन, ते तर सगळंच उडणार, पाऊण किलोच्या वर. भिंतींच्या पाचपट वाफ दारं-ग्रिलमधून! गिऱ्हाईक भिंतीला महागातला इको रंग घेतं आणि ग्रिलला नेहमीचा ऑइल पेंट चालेल म्हणतं, तेव्हा मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो. भिंतीचा रंग ठरवण्याआधी ग्रिलचा आणि दाराचा डबा ठरवा.

हीच गोष्ट प्रायमरची. भिंतीवर वरून शून्य व्हीओसीचा रंग, खाली सॉल्व्हंटचा, म्हणजे थिनर-टर्पेंटाइनवाला, सिमेंट प्रायमर, असं काम मी अनेक साइटवर बघितलंय. प्रायमर पाण्याचाच घ्या. गडद शेड असेल तर टिंटिंग मशीनमधलं रंगद्रव्यसुद्धा विचारा. काही मशीनमधल्या रंगद्रव्यात ग्लायकॉल असतं, तेही उडणारंच, आणि गडद शेडला ते बरंच पडतं, मग बेसवर, म्हणजे रंगद्रव्य घालायच्या आधीच्या डब्यावर, छापलेला आकडा खरा राहत नाही. काकूंना हॉलमध्ये एक भिंत गडद मोरपंखी हवी होती. ती फक्त हॉलमध्येच ठेवली, लेकीच्या खोलीत चारही भिंती फिकट घेतल्या.

घासायच्या आधी दाराकडे नीट बघा

घर जुनं असेल तर सगळ्यात मोठा धोका नव्या रंगात नसतो, जुन्यात असतो. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या शेडमध्ये, भरपूर शिसं असू शकतं. असं दार कोरडं घासलं तर ती पावडर घरभर बसते, आणि रांगणारं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं.

त्यामुळे जुन्या ऑइल पेंटला कोरडा पॉलिश पेपर लावायचा नाही, मशीन लावायचं नाही, ब्लो लॅम्पने जाळायचा तर अजिबात नाही. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, कडेला टेपने चिकटवा. निघालेला गाळ ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा, झाडू मारू नका. त्या दिवशी घरात गरोदर बाई आणि लहान मुलं नकोत. यात मी कोणाचं ऐकत नाही, काम थांबवतो.

पुट्टीच्या धुळीला एन-९५ मास्क पुरतो. पण एक चूक फार दिसते: करोनानंतर सगळ्यांकडे एन-९५ आहेत आणि पोरं तोच घालून थिनरचं काम करतात. तो मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. ऑइल पेंट किंवा पॉलिश करावंच लागलं तर कोळशाच्या डबीचा मास्क लागतो, आणि वास आत यायला लागला की डबी बदलावी लागते. दोन वर्षांपूर्वी एका साइटवर बंद बेडरूममध्ये वॉर्डरोबला पॉलिश चाललं होतं. माझा एक हेल्पर घोडीवरून उतरला आणि भिंत धरून खालीच बसला. त्याच्या तोंडावर कापडी रुमाल होता. तेव्हापासून मास्कचा खर्च मी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहितो. विचारतात त्यांना सांगतो कशासाठी.

भिंत

ओल असेल तर कुठलाच रंग टिकत नाही. बाथरूमच्या मागची भिंत आणि खिडकीखालचा पट्टा हाताने चाचपा. लोणा (पांढरा क्षार) आला असेल, पोपडे सुटले असतील, तर आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, मग पुढचं काम. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस. पावसाळ्यात डोंबिवलीची भिंत वाळतच नाही, म्हणून जून ते सप्टेंबर मी घरातलं मोठं काम शक्यतो टाळतो. बुरशीचे काळे ठिपके असतील तर आधी ते धुऊन काढा. कमी वाफेचा रंग बुरशीवर मारला तर दोन महिन्यांत ठिपके वर येतात आणि बोल रंगाला लागतो.

पुट्टी दोन हात, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२० नंबरचा. दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरला की उंचसखल दिसतं. घासून झाल्यावर भिंत पुसायची. पुसायचं राहिलं तर प्रायमर धुळीवर बसतो, भिंतीवर नाही. एवढ्याने सोपं वाटतं, पण कमी वाफेच्या रंगाचं बरंचसं अपयश इथेच असतं.

आता रंग. या रंगाची खोड ही की तो लवकर ओढतो. नेहमीच्या प्लास्टिक पेंटमध्ये रंग उशिरा वाळावा म्हणून जी द्रव्यं असतात तीच इथे कमी केलेली असतात. सवयीने एक पट्टा मारून चहाला गेलात तर परत आल्यावर जोड दिसणारच. त्यासाठी मी असं करतो: एका भिंतीवर दोन माणसं. एक ब्रशने वरची कड आणि कोपरा कापत पुढे जातो, दुसरा त्याच्या मागोमाग रोलर चालवतो. मध्ये दोन-तीन फुटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. रोलरचा प्रत्येक पट्टा आधीच्या ओल्या पट्ट्यावर थोडा चढवायचा आणि शेवटचा हात वरून खाली, हलका. भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवूनच थांबायचं. मारताना पंखा बंद, खिडकी उघडी. पंख्याच्या वाऱ्याने कड सुकते. भिंत हाताला कोरडी लागली की मग पंखा लावा.

ब्रश नायलॉनचा घ्या. डुकराच्या केसांचा जुना ब्रश ऑइल पेंटला उत्तम, पण पाण्यात फुगतो, केस फिसकटतात आणि कड सरळ येत नाही. पाणी मापानेच घाला, डब्यावर लिहिलंय तेवढंच. अंदाजे ओतायची आपली सवय या रंगाला चालत नाही, जास्त पाणी झालं की झाकणशक्ती जाते आणि तिसरा हात मारावा लागतो. दोन हातांमध्ये कोरड्या दिवसांत चार तास पुरतात, दमट हवेत रात्रभर थांबा.

आणि हातमोजे घाला. वास नसलेल्या पाण्याच्या रंगातसुद्धा डब्यात सडू नये म्हणून संरक्षक द्रव्यं असतात आणि काहींच्या कातडीला ती सोसत नाहीत. माझ्या एका कारागिराच्या बोटांमध्ये खाज उठून भेगा पडल्या, डॉक्टरांनी रंगाचीच ॲलर्जी सांगितली. आता तो मोजे घालूनच काम करतो आणि हात चांगले आहेत.

दारं आणि ग्रिल

इथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. पाण्याचा इनॅमल (दारं-ग्रिलचा चकचकीत रंग) बाजारात नवीन आला तेव्हा कल्याणच्या एका घरात जुन्या ऑइल पेंटच्या दारावर मी तो तसाच चढवला. वरवर पेपर फिरवला आणि मारला. दिसायला सुंदर झालं. दोन महिन्यांनी त्या घरच्या मुलाने दाराला चिकटवलेलं स्टिकर काढलं आणि त्याच्याबरोबर हातभर रंग सोलून आला, सापाच्या कातीसारखा. पूर्ण दार माझ्या खर्चाने परत केलं.

त्यानंतरची माझी पद्धत ही. आधी साबणाच्या पाण्याने धुणं, स्वयंपाकघराच्या ग्रिलला तर दोनदा, कारण फोडणीचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही पण रंगाला धरू देत नाही. मग ओला पेपर, चकाकी पूर्ण मरेपर्यंत. खिडकीच्या उजेडात तिरकं बघायचं, कुठेही चमक दिसली तर तिथे परत. पुसून वाळवून पाण्याचाच, घट्ट धरणारा प्रायमर एक हात. मग दाराच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा तुकडा इनॅमलने रंगवून तीन दिवस सोडायचा. तिसऱ्या दिवशी ब्लेडने त्यावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढायच्या, टेप दाबून चिकटवायची आणि झटक्यात ओढायची. टेपवर रंग आला नाही तरच पुढचं काम. काकूंच्या बाथरूमच्या दारावर टेपला रंगाचे दोन बारीक चौकोन चिकटून आले. ते दार परत घासलं.

सागवानी दारं कोरी असतील तर आणखी एक. पाण्याचा प्रायमर लागला की लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला तर खरखर लागते. वाळल्यावर २२० नंबरचा हलका पेपर मारा. सागवानातून तपकिरी डागही वर येतात. पांढरा रंग द्यायचा असेल तर डाग रोखणारा प्रायमर दोन हात आणि मध्ये एक रात्र.

उघड्या लोखंडावर पाण्याचा प्रायमर मारताना गंज घासल्या घासल्या लगेच मारायचा. संध्याकाळी घासून सकाळी मारू म्हटलं तर दमट हवेत रातोरात गंजाची पिवळी झाक धरते.

बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला पावसात भिजणारं ग्रिल असेल तर मी अजूनही सॉल्व्हंटचाच गंजरोधक प्रायमर आणि ऑइल पेंट लावतो. पाण्याचा रंग तिथे दोन पावसाळे मनासारखा टिकलेला मी बघितलेला नाही. पण तेवढंच काम तसं करतो आणि ते सगळ्यात आधी, पहिल्याच दिवशी उरकतो, म्हणजे वाफ निघून जायला त्याला सगळ्यात जास्त दिवस मिळतात. ग्रिल काढता येत असेल तर खाली मोकळ्यावर नेऊन रंगवतो. काकूंकडे दोन ग्रिल स्क्रूवर होती, ती गच्चीवर नेली.

वाळवण

गाद्या, उशा, पडदे, कपडे हे सगळं काम सुरू होण्याआधी दुसरीकडे न्या. कापूस आणि कापड वाफ शोषून घेतं आणि नंतर आठवडे सोडत राहतं. नुसतं प्लास्टिकने झाकून भागत नाही. काम झाल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, किचनचा एक्झॉस्ट चालू ठेवा, एसी लावून खोली बंद करू नका. कपाटांची दारं आणि ड्रॉवर उघडे ठेवा, आतला वास तिथेच कोंडतो. खोलीत कांदा कापून ठेवायचा उपाय पुष्कळ लोक करतात, त्याने फक्त कांद्याचा वास वाढतो. खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय आहे.

धडधाकट माणसांनी तीन-चार दिवसांनी राहायला यायला हरकत नाही. गरोदर बाई, तान्हं मूल, दमेकरी असेल तर मी किमान दोन आठवडे सांगतो, जमलं तर महिना, आणि डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगतो. भिंती पुसायच्या असतील तर महिनाभर थांबा, थर तोपर्यंत पूर्ण कडक होत नाही.

गावाकडच्या लोकांसाठी थोडं. कोकणात जांभ्या चिऱ्याच्या घराला आतून चुन्याचं काम असेल तर त्यावर प्लास्टिक पेंट मारून भिंतीचा श्वास कोंडू नका. चुनकळी पिंपात विरवून, दोन दिवस मुरवून, फडक्यातून गाळून, थोडा डिंक घालून तीन पातळ हात दिले तर यात व्हीओसीचा प्रश्नच नाही. विरवताना चुना उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावा. प्लास्टिक पेंट लागलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, आधी तो खरवडावा लागतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून केलेला प्राकृतिक पेंटही जानेवारी २०२१ पासून मिळतो, डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही. कुठलाही नवीन रंग घ्याल तर आधी एका कोपऱ्यात दोन फुटांचा चौकोन मारून आठ दिवस बघा.

धुणं आणि उरलेला रंग

पाण्याचा रंग म्हणून ब्रश धुतलेलं पाणी पावसाळी गटारात ओतायचं नाही, ते सरळ नाल्याला आणि तिथून खाडीला जातं. मी तीन बादल्या ठेवतो. पहिलीत ब्रश-रोलर झटकून घ्यायचे, दुसरीत धुवायचे, तिसरीत शेवटचं पाणी. रात्रभरात गाळ खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला वापरायचं आणि काम संपल्यावर घराच्या ड्रेनेजमध्ये सोडायचं. गाळ जुन्या वर्तमानपत्रावर पसरून वाळवायचा आणि सुक्या कचऱ्यात द्यायचा. टर्पेंटाइन तर कुठल्याच मोरीत नाही. ते बरणीत निवळत ठेवून पुन्हा वापरतो.

काकूंकडे फिकट रंगाचा पाऊण लिटर उरला. मोठ्या डब्यात तळाशी ठेवला असता तर वरच्या हवेने खराब झाला असता, म्हणून काठोकाठ भरेल अशा लहान बरणीत ओतून झाकण टेपने बंद केलं. या रंगात संरक्षक द्रव्यं बेताची असतात, वर्षभराने उघडल्यावर कुजका वास आला तर तो भिंतीला लावू नका. लेकीच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: कंपनी, शेडचा नंबर, प्रायमर कुठला, दाराला काय लावलं, ग्रिलला काय, काम संपल्याची तारीख. त्याखाली मी पेनाने लेकीने राहायला यायची तारीखही लिहिली, चार आठवड्यांनंतरची. ती आली त्याच्या आदल्या दिवशी मी टेप घेऊन परत गेलो आणि बाथरूमच्या त्या दारावर पुन्हा एकदा ओढून बघितली. काहीच निघालं नाही.